नदीवरची पहिली कयाक सफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाइडबरोबर नदीवर कयाकिंगला पहिल्यांदाच निघालेल्यांच्या मनात जे प्रश्न असतात, त्यांची ही उत्तरं. शांत ते मध्यम वाहत्या पाण्यातली, अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाची सफर डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत. मीही अशाच एका सफरीतून या छंदाला लागले आणि तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी हेच विचारत असतं. एक गोष्ट आधीच सांगते: पहिल्या दिवशी दंडातल्या ताकदीपेक्षा नजर जास्त कामाला येते. पाणी कुठे ओढतंय, कुठे थबकलंय, कुठे मागे फिरतंय हे दिसायला लागलं की बरीचशी भीती आपोआप उतरते. म्हणून पाण्याविषयीची उत्तरं मुद्दाम लांब ठेवली आहेत आणि सामानसुमानाची थोडक्यात.

मला पोहता येत नाही. तरी जाता येईल का?

शांत पाण्यावरच्या बऱ्याच सफरींत न पोहणाऱ्यांना घेतात. पण ही गोष्ट बुकिंग करतानाच सांगा, काठावर पोहोचल्यावर नको. गाइड त्यानुसार तुमची जागा, तुमची कयाक आणि स्वतःचं तुमच्यापासूनचं अंतर ठरवतो.

डोकं पाण्याच्या वर ठेवायला बहुतेक प्रौढांना साधारण ३ ते ५ किलोचा जादा आधार पुरतो. कयाकिंगची चांगली लाइफ जॅकेटं ५ ते ७ किलोचा आधार देतात. म्हणजे तरंगायचं काम जॅकेट करतं. तुमच्या वाट्याला उरतं ते एवढंच, की नाकातोंडावर पाणी आलं तरी श्वास आवरायचा. याची तयारी घरून करून जाता येते. पोहण्याच्या तलावात, कुणीतरी सोबत असताना, छातीएवढ्या पाण्यात उभं राहून डोकं बुडवायचं, नाकातून बुडबुडे सोडायचे, वर येऊन सावकाश श्वास घ्यायचा. पाठीवर पडून राहायचा सराव झाला तर फारच उत्तम.

रॅपिड, म्हणजे खडकांमधून वेगाने खळाळत जाणारं पाणी, असलेल्या नदीवर मात्र न पोहणाऱ्याने पहिली सफर करू नये, हे माझं ठाम मत आहे. कुणी ‘जॅकेट आहे ना, काही होत नाही’ असं म्हणून नेत असेल तर तिथे जाऊच नका.

कयाक आणि कनू एकच का?

नाही. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं पॅडल वापरतात. कनूत गुडघ्यांवर किंवा आडव्या फळीवर बसून एकाच पात्याचं पॅडल मारतात. कयाक मूळची आर्क्टिक प्रदेशातल्या इन्युइट आणि आसपासच्या लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून बसवलेली ती शिकारीची होडी होती. ऑलिंपिकमध्ये तिच्या शर्यती १९३६ साली आल्या, तर खळाळत्या पाण्यातली स्लालम (टांगलेल्या खांबांच्या फाटकांमधून वळणं घेत जायची शर्यत) १९७२ साली.

पहिल्यांदा कोणत्या प्रकारची कयाक बरी?

निवड असेल तर सिट-ऑन-टॉप. तिच्यात खोल खड्डा नसतो, आपण वरच बसतो. उलटली तर आपण सरळ पाण्यात पडतो, अडकायचा प्रश्नच येत नाही. आत आलेलं पाणी तळाच्या भोकांतून निघून जातं. आत बसायच्या कयाकमध्ये कंबर, गुडघे आणि पावलं होडीला टेकलेली असतात, त्यामुळे ताबा चांगला मिळतो. पण उलटल्यावर बाहेर यायची रीत आधी शिकून घ्यावी लागते. हवा भरलेल्या कयाक खडकावर आपटल्या तरी सहन करतात आणि बसायला स्थिर असतात, फक्त वाऱ्यात जरा भरकटतात.

कोणतीही मिळो, पाय टेकायच्या आधाराचं अंतर निघण्यापूर्वी जुळवून घ्या. गुडघे किंचित वाकलेले आणि पावलं घट्ट टेकलेली हवीत. पाय लोंबकळत राहिले तर पूर्ण दिवस कंबर सोसत राहते. घाईत ही गोष्ट हमखास राहून जाते.

नदी किती अवघड आहे, हे आधी कसं कळणार?

वाहत्या पाण्याच्या अवघडपणाचे आंतरराष्ट्रीय मोजणीत १ ते ६ असे वर्ग आहेत. वर्ग १ म्हणजे वाहतं पाणी आणि लहान लाटा. वर्ग २ मध्ये रॅपिड असतात, पण वाट रुंद आणि लांबूनच दिसणारी असते. ३ पासून नेमकी हालचाल जमावी लागते आणि ६ हा फक्त मोजक्या निष्णातांचा. नवख्याने पहिल्या सफरीला १, फार तर अधूनमधून २, एवढ्यावरच थांबावं.

पण नुसता आकडा विचारून भागत नाही. पाण्याची पातळी बदलली की तीच नदी वेगळी वागते. पाणी वाढलं की काही खडक बुडून वाट मोकळी होते, पण वेग वाढतो, थांबायच्या जागा नाहीशा होतात आणि काठावरची झाडं पाण्यात येतात. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. म्हणून विचारायचं ते असं: ‘या आठवड्यात पाणी किती आहे? वरच्या अंगाला धरण आहे का, आणि पाणी सोडायची वेळ तुम्हाला आधी कळते का? पाणी जास्त असेल तर तुम्ही काय करता?’ शेवटच्या प्रश्नाला ‘सफर रद्द करतो किंवा दुसऱ्या टप्प्यावर नेतो’ असं उत्तर आलं की समजावं, माणसं जबाबदार आहेत.

कपडे कोणते घालू?

हवेचा अंदाज बघून सगळेच कपडे ठरवतात. तुम्ही पाण्याचं तापमान विचारा. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या साधारण २५ पट वेगाने ओढून घेतं. बाहेर कडक ऊन आणि नदीत डोंगरावरून वितळून आलेलं पाणी, असं पुष्कळदा असतं. पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर वेटसूट (भिजला तरी ऊब धरून ठेवणारा, अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) मागून घ्या. इतक्या गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात धाप लागते आणि तोंड नकळत उघडतं. तेवढं एक मिनिट पोहायची धडपड न करता तरंगत राहायचं आणि श्वास ताळ्यावर आणायचा.

पाणी उबदार असेल तर लवकर वाळणारे, अंगाबरोबर बसणारे कपडे पुरतात. सुती कपडा भिजला की जड होतो आणि गारठवतो. जीन्स नकोच. बाह्या लांब असल्या तर उन्हापासून आणि जॅकेटच्या घासण्यापासून दोन्हींपासून बचाव होतो. पायात पट्ट्याने घट्ट बसणारे, बोटं झाकणारे बूट हवेत. स्लिपर पहिल्याच चिखलात निघून जाते आणि मग कपारीच्या दगडांवर अनवाणी चालावं लागतं.

लाइफ जॅकेट नीट बसलंय हे कसं ओळखायचं?

सगळे बंद कसून घ्या आणि कुणाला तरी दोन्ही खांदेपट्ट्या धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते सैल आहे. आधी कमरेचा पट्टा, मग बाजूचे, सगळ्यात शेवटी खांद्याचे, या क्रमाने आवळलं की नीट बसतं. ते घट्ट वाटलं पाहिजे, पण खोल श्वास घेता आला पाहिजे. कयाकिंगचं जॅकेट बेशुद्ध माणसाला उताणं करत नाही, त्यामुळे डोक्याला मार लागू नये हेही तितकंच महत्त्वाचं. रॅपिड असतील तिथे हेल्मेट सक्तीचं समजा. उकडतंय म्हणून पाण्यावर जॅकेटचे बंद सोडायचे नाहीत.

चष्मा, मोबाइल, किल्ल्या?

चष्म्याला मागून दोरी लावा. मोबाइल ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि ड्राय बॅग कयाकला बांधलेली. बॅगेचं तोंड किमान तीन वळ्या घालून बंद करा. किल्ली एकच न्या आणि ती शक्यतो गाइडकडे द्या. पाण्याची बाटली हाताशी ठेवा, कारण पाण्यावर तहान उशिरा जाणवते. अंगठी काढून ठेवा.

निघण्याआधी काठावर काय शिकवतात?

पॅडल धरणं, पुढे जाणं, थांबणं, वळणं, उलटल्यावर काय करायचं आणि गाइडच्या खुणा. चांगला गाइड हे सगळं कोरड्यावर सांगून मग शांत पाण्यात एकेकाकडून करून घेतो. हा वेळ पुष्कळांना रटाळ वाटतो, फोटो काढण्यात जातो. माझ्या मते सफरीतला सगळ्यात मोलाचा वेळ हाच. न समजलेलं परत विचारा. कयाकमध्ये बसणं-उतरणंही इथेच शिकून घ्या: कयाक काठाला समांतर, वजन मधोमध, आधी बूड टेकवायचं आणि मग पाय आत. बहुतेक लोक पहिल्यांदा भिजतात ते नदीच्या मध्यावर नाही, चढता-उतरतानाच.

पॅडल मारूनही कयाक सरळ का जात नाही? ती सारखी फिरते.

हा प्रश्न सफरीच्या पहिल्या काही मिनिटांतच पडतो. नदीतल्या आखूड कयाकचा तळ पसरट असतो, ती चटकन वळावी म्हणूनच तशी केलेली असते. त्यामुळे उजवीकडे पॅडल मारलं की टोक डावीकडे जातं आणि डावीकडे मारलं की उजवीकडे. जोर वाढवला की हे फिरणंही वाढतं.

उपाय तीन आहेत. एक, पात्याचा मार्ग कयाकला अगदी लगटून असू द्या. पातं पावलांच्या बाजूला बुडवायचं आणि कमरेपाशी आलं की बाहेर काढायचं. त्याच्यामागे ओढत नेलं की ते कयाकला ढकलण्याऐवजी वळवायला लागतं. दोन, हातांनी ओढू नका. छाती वळवा. उजवं पातं पाण्यात घालताना उजवा खांदा पुढे येतो आणि पोटाच्या पिळाने तो मागे जातो. हात जवळपास सरळच राहतात. दहा मिनिटं असं केलं की फरक कळतो, दंड भरून येणं थांबतं. तीन, नजर कयाकच्या टोकावर न ठेवता लांबच्या झाडावर किंवा खडकावर ठेवा. टोक थोडं फिरायला लागलं की तेव्हाच एक हलका झटका द्या. पूर्ण आडवी झाल्यावर सरळ करायला गेलात तर ती दुसऱ्या बाजूला जाणार.

वळायचं असेल तेव्हा उलट करायचं: पातं पुढच्या टोकापाशी घालून बाहेरून मोठा अर्धगोल काढत मागच्या टोकापर्यंत न्यायचं. आणि दांडा घट्ट आवळू नका. फोड येतात ते दांडा पिळत राहिल्यामुळे. बोटं सैल ठेवली तरी पॅडल कुठे जात नाही.

कयाक डगमगते तेव्हा भीती वाटते. स्थिर कशी ठेवू?

कमरेखालचा भाग सैल आणि वरचा सरळ. कयाक पाण्याबरोबर हलणारच, तिला हलू द्या. डोकं मात्र मधोमध राहू द्या. घाबरलेला माणूस दोन्ही हातांनी कयाकचा काठ पकडतो आणि अंग ताठ करतो, मग होडीचा प्रत्येक हेलकावा थेट डोक्यापर्यंत जातो आणि तोल खरंच सुटतो. काठ सोडा, पॅडल पाण्यात ठेवा. पातं पाण्यात असतं तोवर तुम्हाला तिसरा आधार असतो. लाटा दिसल्या की पॅडल मारणं थांबवायची इच्छा होते, ती आवरा. चालती कयाक थांबलेल्या कयाकपेक्षा स्थिर असते.

उलटले तर नेमकं काय होतं?

सिट-ऑन-टॉपमधून तुम्ही बाजूला फेकले जाता आणि जॅकेटमुळे लगेच वर येता. आत बसायच्या कयाकमध्ये क्षणभर डोकं खाली असतं. तो क्षण नीट समजून घ्यावा असा आहे.

पाण्याखाली गेल्यावर आवाज एकदम दबतो आणि उजेड हिरवट होतो. नाकात पाणी चढतं, कारण आपण उलटे असतो. नाकातून हळू हवा सोडत राहिलं की ते थांबतं. वर यायला धडपडायचं नाही. आधी पुढे वाकायचं, कपाळ कयाकच्या जवळ न्यायचं; यामुळे डोकं खडकांपासून वाचतं. स्प्रे स्कर्ट (आत पाणी येऊ नये म्हणून कमरेभोवती घालून कयाकच्या तोंडावर ताणून बसवायचं आवरण) लावला असेल तर त्याची पुढची दोरी पकडून आधी पुढे आणि मग वर खेचायची, म्हणजे तो सुटतो. मग दोन्ही हात कमरेच्या बाजूला कयाकच्या काठावर टेकवून, पँट काढावी तशी होडी पायांतून ढकलून द्यायची. पुढे वाकलेल्या अवस्थेतच पाय सुटतात आणि जॅकेट वर आणतं. हे सगळं काही सेकंदांचं काम आहे. शांत पाण्यात, गाइड शेजारी उभा असताना एकदा मुद्दाम उलटून बघा. ज्यांनी ते केलं त्यांची पुढची सगळी सफर मोकळी होते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

वर आल्यावर कयाक आणि पॅडल हाताशी असेल तर धरा, पण स्वतः कयाकच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडून येतंय त्या बाजूला राहा. पाण्याने भरलेली कयाक दोन-अडीचशे किलोंची होऊ शकते. ती आणि खडक यांच्या मध्ये तुम्ही सापडता कामा नये. गाइड ‘सोड’ म्हणाला की कयाक सोडून द्या. आधी माणसं, मग सामान.

वाहत्या पाण्यात पडल्यावर उभं राहू नका म्हणतात. का?

पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकतं आणि मागून येणारं पाणी शरीराला पुढे ढकलून खाली दाबतं. कमरेएवढ्या पाण्यातही हे घडतं आणि ते जिवावर बेततं. म्हणून पाठीवर पडायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने, पावलं पाण्याच्या वर दिसतील अशी. खडक आला तर पायांनी ढकलता येतो. हातांनी मागे पाणी लोटत तिरकं काठाकडे जायचं. पाणी गुडघ्याखाली आलं आणि प्रवाह मंदावला की मगच उभं राहायचं.

गाइडने दोर फेकला तर दोर पकडा, हाताला गुंडाळू नका. छातीशी धरून पाठीवर पडा, दोर काठापासून दूरच्या खांद्यावरून जाऊ द्या. तोंडावर पाणी येणार नाही आणि तुम्ही झुलत काठाला लागाल.

‘पाणी वाचणं’ म्हणजे काय? नवख्याला ते जमतं का?

जमतं, आणि माझ्या दृष्टीने पहिल्या सफरीतून मिळणारं खरं शिक्षण तेच आहे. चार-पाच गोष्टी ओळखता आल्या तरी पुरे.

रॅपिडच्या तोंडाशी गुळगुळीत पाण्याची एक जीभ दिसते, टोक खालच्या अंगाला केलेल्या इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची. दोन अडथळ्यांच्या मधून खोल पाणी जातंय, असा तिचा अर्थ. तिच्या मधोमध शिरायचं. व्हीचं टोक तुमच्याकडे असेल तर त्या टोकावरच खडक आहे. लाटा एका ओळीत, एका जागी उभ्या असतील तर तिथे बहुधा खोल पाणी असतं. एकटीच लाट मध्येच उसळत असेल तर खाली दगड असण्याची शक्यता जास्त.

वळणावर पाणी बाहेरच्या काठाला वेगाने आणि खोल जातं, आतल्या बाजूला मंद आणि उथळ असतं. सगळा कचरा, ओंडके आणि पडलेली झाडं बाहेरच्या काठाला साचतात. म्हणून वळण येण्याआधीच आतल्या बाजूला सरकून ठेवायचं. पडलेल्या झाडाच्या फांद्यांमधून पाणी आरपार जातं, माणूस आणि कयाक जात नाहीत. नदीवरच्या धोक्यांत मला सगळ्यात जास्त धास्ती याच झाडांची वाटते, कारण ती दिसायला निरुपद्रवी असतात. पोहताना टाळणं अशक्यच झालं तर पाठीवर राहायचं नाही. पालथं होऊन, डोकं पुढे ठेवून जोरात झाडाकडे पोहायचं आणि हातांनी अंग फांदीच्या वर चढवायचं.

दुसरा लपलेला धोका म्हणजे बुटका बंधारा. वरून येताना नदी पुढे एका आडव्या रेषेत संपल्यासारखी दिसते, एवढंच. खाली पडणारं पाणी उलटं फिरून परत बंधाऱ्याकडे ओढत राहतं आणि त्यातून सुटणं फार कठीण असतं. तिथे उतरून कयाक उचलून काठाने न्यायची, उंची कितीही किरकोळ दिसो.

आणि आता माझी आवडती गोष्ट. मोठ्या खडकाच्या मागे पाणी थांबतं किंवा उलटं, वरच्या दिशेने हळू वाहतं. गाइडच्या भाषेत ही एडी. भर प्रवाहाच्या मध्ये ही विसाव्याची जागा असते. गाइड सगळ्यांना तिथे गोळा करतो, पुढचा टप्पा दाखवतो, मागे राहिलेल्यांची वाट बघतो. एडी आणि प्रवाह यांच्या सीमेवर पाण्याची एक थरथरती, बुडबुड्यांची रेघ दिसते. ती रेंगाळत ओलांडली तर कयाक गोल फिरते किंवा कलंडते. खडकाच्या लगेच खाली, वेगाने आणि तिरकं शिरायचं. कयाकचं तोंड एडीत गेलं की पुढचा भाग थांबतो आणि मागचा प्रवाहाबरोबर फिरतो, पूर्ण कयाक वरच्या अंगाला तोंड करून उभी राहते. त्या वेळी वळणाच्या आत झुकायचं, सायकलवर वळताना झुकतो तसं. बाहेर पडतानाही तेच: प्रवाहात शिरताच खालच्या अंगाला झुकायचं, म्हणजे वरून येणारं पाणी कयाकच्या काठावर चढत नाही, तिच्या तळाखालून जातं. पहिल्या प्रयत्नात हे जमलं नाही तरी हरकत नाही. एकदा जमलं की माणूस परत परत तेच करत बसतो.

खडकावर आदळणार असं दिसलं तर?

खडकापासून अंग मागे घ्यावंसं वाटतं, आणि तसं केलं की कयाकचा वरच्या अंगाचा काठ खाली जातो, पाणी आत घुसतं आणि कयाक खडकाला लपेटते. त्याऐवजी खडकाकडेच झुका, हाताने त्याला धरा, कंबर हलवत कयाक एका बाजूने सरकवून सोडवा. हे मनाविरुद्ध वाटतं, म्हणून काठावर असतानाच दोन-तीनदा मोठ्याने म्हणून ठेवा: खडकाकडे झुकायचं.

गाइडच्या खुणा कोणत्या?

पाण्याच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून खुणा. पॅडल उभं धरलं की या. डोक्यावर आडवं धरलं की थांबा. पॅडल किंवा हात एका बाजूला दाखवला की तिकडून या. गाइड नेहमी सुरक्षित बाजू दाखवतो, धोक्याकडे बोट करत नाही. डोक्यावर थाप मारली की ‘ठीक आहेस ना?’, ठीक असाल तर तुम्हीही तसंच करायचं. शिटीचा एक आवाज म्हणजे इकडे लक्ष द्या, तीन म्हणजे संकट. थोडाफार फरक असू शकतो, निघताना खात्री करून घ्या.

चांगला गाइड कसा ओळखायचा?

तो प्रश्न विचारतो: पोहता येतं का, खांदा निखळला होता का, दमा किंवा फिट येण्याचा त्रास आहे का, औषधं कोणती. प्रत्येकाचं जॅकेट स्वतःच्या हाताने तपासतो. त्याच्या अंगावर फेकायचा दोर, शिटी आणि सुरी असते, प्रथमोपचाराची पेटी बरोबर असते. ग्रुपच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन जाणते असले तर उत्तम. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘हा टप्पा मला नको’ असं कुणी म्हणालं तर तो चिडवत नाही, काठाने चालत जायची वाट दाखवतो. चालत जाण्यात कमीपणा अजिबात नाही. निष्णात लोकही चालतात.

जोडीदाराबरोबर एकाच कयाकमध्ये बसावं का?

बसा, पण कामं आधी वाटून घ्या. पुढचा ताल धरतो, मागचा त्याच्या तालावर मारतो आणि दिशा सांभाळतो. ताकदीचं किंवा अनुभवी माणूस मागे. पुढच्याला मागे बघता येत नाही, म्हणून मागच्याने मोठ्याने आणि थोडक्यात सांगायचं: ‘उजवीकडे’, ‘थांब’, ‘मार’. कुरबुर होते ती पॅडल एकमेकांवर आपटल्याने. दोघांनी एकाच वेळी एकाच बाजूला मारलं की ती मिटते. लहान मुलांना मात्र नेहमी मोठ्यांबरोबरच बसवा, आणि जॅकेट त्यांच्या मापाचं असेल तरच.

मी सगळ्यांच्या मागे पडले तर?

गाइडेड सफरीचा वेग सगळ्यात सावकाश माणसाचा असतो, असायलाच हवा. दमलात तर सांगा. प्रवाह नेतच असतो, सतत मारत राहायची गरज नसते. एकमेकांत दोन-तीन कयाकचं अंतर ठेवा आणि मागच्याला नजरेआड होऊ देऊ नका.

लघवी, पाळी, हे कसं सांभाळायचं?

मधल्या थांब्याच्या आधीच गाइडला विचारा, लाजण्यासारखं काही नाही. लघवी लागेल म्हणून पाणी पिणं टाळू नका, त्याने डोकं दुखतं आणि पायांत गोळे येतात. नदीपासून दूर, वाटेपासून आत जा आणि कागद पिशवीत परत आणा. पाळी असताना मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन सोयीचं. पॅड भिजून निरुपयोगी होतं. निघायच्या आधी बदलून घ्या.

कुणी जाऊ नये?

गरोदरपणात, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल तर, खांदा वारंवार निखळत असेल तर किंवा फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दारू प्यायली असेल तर अजिबात नको. दम्याचा पंप जॅकेटच्या खिशात, गाइडला ठाऊक असावा. वजन जास्त असेल तर आधी सांगा. प्रत्येक कयाकची वजनमर्यादा ठरलेली असते आणि योग्य होडी मिळाली तर अडचण येत नाही. उघडी जखम असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावा आणि नदीचं पाणी गिळू नका.

पाऊस आला तर सफर होते का?

नुसत्या पावसात होते, तसंही भिजायचंच असतं. विजा चमकत असतील तर नाही. गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटांनीच परत. इथे भिजवणाऱ्या पावसापेक्षा वर डोंगरात पडणारा पाऊस जास्त धोक्याचा. पाणी अचानक गढूळ झालं, त्यातून काटक्या-पालापाचोळा यायला लागला की पातळी वाढतेय असं समजा आणि गाइडच्या लक्षात आणून द्या.

एस्किमो रोल यावा लागतो का?

नाही. कयाकमध्ये बसल्या बसल्या उलटून पुन्हा सरळ होण्याची ही कला आर्क्टिकच्या शिकाऱ्यांची. १९२७ साली ऑस्ट्रियाच्या एडी हान्स पावलाटा यांनी ती आत्मसात केली. ती साधणारे ते पहिले युरोपीय मानले जातात. नवख्याला शिकायची असेल तर पोहण्याच्या तलावात, शिक्षकाबरोबर. तिची खरी मेख हातांत नसून कमरेच्या झटक्यात असते.

दुसऱ्या दिवशी काय दुखतं?

बरगड्यांच्या बाजू, पाठीचा वरचा भाग, मांडीच्या मागच्या शिरा. छाती वळवून पॅडल मारलं असेल तर हेच दुखायला हवं. फक्त दंड आणि मनगटं दुखत असतील तर हातांनीच ओढत होतात, पुढच्या वेळी बदला. खांद्यात टोचणारी कळ असेल तर दुर्लक्ष करू नका. पाण्यावर असताना कोपर खांद्याच्या वर आणि हात पाठीमागे जाऊ दिला नाही तर खांदे सहसा शाबूत राहतात.

आवडलं. आता स्वतःची कयाक घेऊ का?

इतक्यात नको. आधी वेगवेगळ्या प्रकारच्या कयाकमध्ये बसून बघा, कारण कोणत्या पाण्याची ओढ लागणार ते पहिल्या सफरीत कळत नाही. संथ लांब अंतरं आवडली तर लांब, सरळ जाणारी कयाक लागेल. रॅपिड आवडले तर आखूड आणि वळणारी. पैसे घालायचेच असतील तर पहिल्यांदा स्वतःच्या मापाचं जॅकेट घ्या, मग बूट. त्यानंतर नदीवरच्या बचावाचा एखादा छोटा कोर्स करा. दोर फेकणं, वाहत्या पाण्यात पोहणं, दुसऱ्याला काठावर आणणं हे तिथे हातून करवून घेतात. आणि शक्य असेल तर त्याच नदीच्या त्याच टप्प्यावर पाणी कमी-जास्त असताना गाइडबरोबर पुन्हा जा. मागच्या वेळी वर दिसणारा खडक या वेळी कुठे गेला आणि त्याच्या जागी पाणी कसं वागतंय, हे ताडून बघता येतं.